पोकळीसाठी पाळलेला वेल

पेरू देशात लिमा शहराच्या उत्तरेला सुपे नदीचं खोरं आहे. दोन्ही अंगांना उघडेबोडके डोंगर आणि मधे नदीपुरती हिरवी पट्टी. तिथे कराल नावाच्या जागी पायऱ्यापायऱ्यांचे अवाढव्य चौथरे, जमिनीत उतरलेले वाटोळे चौक आणि घरांच्या ओळी सापडल्या. पेरूच्याच पुरातत्त्वज्ञ रूथ शेडी यांनी सहकाऱ्यांसह २००१ साली या जागेचा काळ जाहीर केला. तो निघाला इ.स.पू. २६००च्या आसपासचा. म्हणजे इजिप्तमध्ये पिरॅमिड उभे राहत होते आणि सिंधूकाठी मोहेंजोदडो आकाराला येत होतं, तेव्हा पॅसिफिकच्या या कोरड्या किनाऱ्यावरही माणसं शहर वसवून राहत होती. त्यांच्या सुताच्या वस्तू मिळाल्या, मासळीचे काटे मिळाले, पक्ष्यांच्या हाडांच्या बासऱ्या मिळाल्या. मडक्याचा मात्र एक तुकडा नाही.

आपल्याकडे पांढरीच्या कुठल्याही टेकाडावर पाय ठेवला तरी पायाखाली आधी खापर येतं. खापरावरून काळ सांगायचा, खापरावरून माणसं ओळखायची, ही पुरातत्त्वाची नेहमीची रीत. इथे देवळं आहेत, चौक आहेत, कापूस पिकतोय, आणि कुंभारच नाही. मग ही माणसं पाणी कशात भरत होती, धान्य कशात साठवत होती?

भोपळ्यात. आपण ज्याला दुधी म्हणतो, त्याच भोपळ्याच्या वाळलेल्या कवटीत.

याच किनाऱ्यावर आणखी उत्तरेला वाका प्रिएता नावाचं एक टेकाड आहे. ज्युनियस बर्ड या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने १९४६ साली ते खणलं. तिथेही वरच्या थरांत मडकी होती आणि खालच्या थरांत नव्हती. खालच्या थरांत होते भोपळे. वाट्या, डवले, झाकणाच्या डब्या, शिवाय सुती जाळ्यांना बांधलेले तरंगते भोपळे. जाळ्याच्या खालच्या काठाला दगड आणि वरच्या काठाला भोपळे, अशी ती मासेमारीची व्यवस्था होती. एका दफनात सापडलेल्या दोन लहानशा भोपळ्यांवर चेहरे कोरलेले होते. सुमारे चार हजार वर्षं ते कोरडे राहिले, म्हणून टिकले. पावसाळी मुलखात असले भोपळे केव्हाच मातीत गेले असणार. पुरातत्त्वाला ही उणीव नेहमीच जाणवते. दगड उरतो, खापर उरतं, आणि माणसाच्या हातात रोज असणारी वेल-बांबू-पानाची भांडी इतिहासातून गळून जातात.

*

मंडईत दुधी घेताना बायका काय करतात ते पाहा. देठाजवळ अंगठ्याचं नख हळूच दाबतात. नख आत गेलं, रसाचा थेंब वर आला, की दुधी कोवळा. नख घसरलं की तो जून, तो बाजूला ठेवायचा. भाजीवाला कुरकुरतो, पण ही परीक्षा काही चुकत नाही. दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने याच फळाची नेमकी उलटी परीक्षा घेतली. ज्यावर नख घसरतं तो त्याने उचलला, आणि त्याचंच बी पुढच्या वर्षी पेरलं.

या एका गोष्टीत भोपळ्याचं सगळं वेगळेपण आहे. शेतीचा इतिहास आपण पोटाचा इतिहास म्हणून शिकतो. गहू, जव, भात, मका. माणसाला भूक लागली म्हणून त्याने गवताची कणसं निवडली, दाणे मोठे केले. भोपळ्याला हा हिशोब लागू पडत नाही. कोवळेपणी तो शिजवून खाता येतो हे खरं, पण त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच. शिवाय जुन्या जातींपैकी बऱ्याच जाती कडू, खाल्ल्या तर जिवावर बेतणाऱ्या. भटकणाऱ्या, शिकार करणाऱ्या, कंदमुळं खणणाऱ्या माणसाला त्याच्याकडून जेवण नकोच होतं. हवी होती पोकळी. पाणी वाहून नेता येईल, खांद्याला अडकवता येईल, आपटलं तरी मडक्यासारखं फुटणार नाही आणि वजनाला काहीच नाही, असं भांडं. ते वेलीला आयतं लागत होतं.

त्याला शेत राखायचीही गरज नव्हती. मुक्कामाच्या कडेला, राख आणि उष्ट्याखरकट्याच्या ढिगाऱ्यात बी पडलं की वेल आपला आपण वर येतो. माणसं पुढच्या मुक्कामाला जातात, सहा महिन्यांनी परततात, तोवर भांडी तयार. शेतकरी होण्याच्या कितीतरी आधी माणूस भोपळकरी झाला, असं म्हणायला मला आवडेल. जगातल्या सर्वांत जुन्या पाळीव वनस्पतींच्या यादीत भोपळ्याचं नाव अगदी वर येतं ते याच कारणाने.

वेल स्वतः पाहण्यासारखा असतो. काकडी, कारलं, दोडका, कलिंगड, लाल भोपळा या सगळ्या भाऊबंदांना पिवळी फुलं येतात. दुधीचं फूल पांढरं, मलमलीसारखं पातळ आणि चुरगळलेलं. सकाळी परसात गेलात तर ते मान टाकून बसलेलं दिसेल, कारण त्याची वेळ संध्याकाळची. दिवेलागणीला ते उमलतं, अंधारात पांढरं दिसतं आणि रात्री फिरणारे पतंग त्याच्यावर येतात. नराचं फूल लांब बारीक देठावर उभं. मादीच्या फुलाखाली बोटभर लांबीचा, लव असलेला इवला भोपळा आधीपासूनच बसलेला. गच्चीवर कुंडीत वेल लावणाऱ्यांना पतंग भेटत नाहीत, म्हणून ते संध्याकाळी नरफूल खुडून मादीफुलावर हलकेच फिरवतात, नाहीतर इवले भोपळे पिवळे पडून गळतात.

फळ वेलावरच राहू दिलं तर अंगावरची लव जाते, हिरवा रंग उतरतो, साल लाकडासारखी होते. मग आतलं पाणी त्या सालीतून सावकाश बाहेर पडतं. त्याला महिने लागतात. वाळताना वरून बुरशी येते, काळेनिळे डाग पडतात, आणि नवखा माणूस सडला म्हणून फेकून देतो. सडलेला नसतो तो. वरचा पापुद्रा खरवडला की खाली घट्ट, गव्हाळ कवच निघतं. आतला गर आकसून कागदी जाळी होते आणि बिया सुटून खुळखुळू लागतात. खुळखुळा वाजला की भांडं तयार.

रानटी भोपळ्याचं कवच पातळ असतं. ते लवकर फुटतं आणि बी मोकळं होतं. रानात तेच शहाणपणाचं. माणसाने निवडून निवडून ते जाड केलं. आता पिकलेला तुंबा रानात पडून राहिला तर आतलं बी आतच कोंडतं. त्याला बाहेर काढायला हात लागतो.

*

या वनस्पतीचं शास्त्रीय नाव लॅजेनेरिया सिसेरारिया. गंमत अशी की या नावातला सिसेरारिया हा भाग हुआन इग्नासिओ मोलिना या चिलीच्या जेझुइट पाद्र्याने १७८२ साली चिलीतल्या वनस्पतींची नोंद करताना दिला. त्याने आपल्या देशातली वनस्पती म्हणून तिचं वर्णन केलं. तिचं मूळ घर मात्र आफ्रिका. तिचे लॅजेनेरिया वंशातले इतर सगळे रानटी नातलग आफ्रिका आणि मादागास्करमधले. झिंबाब्वेत खरोखर रानटी वाटणारा भोपळा सापडल्याचा आणि त्याच्या जनुकीय तपासणीचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. इतकी पाळलेली वनस्पती, आणि तिचं रानटी रूप शोधायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

मग आफ्रिकेतला वेल कोलंबसाच्या हजारो वर्षं आधी अमेरिकेत कसा पोचला? मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात गिला नाकित्स नावाची गुहा आहे. केंट फ्लॅनरी यांनी तिथे उत्खनन केलं. तिथल्या भोपळ्याच्या सालीचे तुकडे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे ठरले. फ्लोरिडातल्या विंडोव्हर इथे दलदलीतल्या दफनांत मिळालेला भोपळा सात हजारांहून अधिक वर्षांचा. त्या काळी अटलांटिक ओलांडणारी बोट कुणाकडे होती?

या प्रश्नावर गेल्या सत्तर वर्षांत जे झालं, ते एखाद्या खटल्यासारखं वाचावं. थॉमस व्हिटेकर हे वनस्पतीशास्त्रज्ञ आणि जॉर्ज कार्टर हे भूगोलतज्ज्ञ. या दोघांनी भोपळे समुद्राच्या पाण्यात सोडून ठेवले आणि वाट पाहिली. १९५४ साली त्यांनी कळवलं की २२४ दिवस खाऱ्या पाण्यात तरंगलेल्या भोपळ्यातलं बी उगवतं. पुढे १९६१मध्ये तो आकडा ३४७ दिवसांवर गेला. म्हणजे माणसाची मदत न घेताही भोपळा समुद्र पार करू शकतो. पण करू शकतो याचा अर्थ केला असा होत नाही. शिवाय पुळणीवर लागलेला भोपळा मिठाच्या वाळूत रुजणार कसा, हा आक्षेप होताच.

२००५ साली प्रकरणाला कलाटणी मिळाली. स्मिथसोनियन संस्थेचे डेव्हिड एरिक्सन, ब्रूस स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या प्राचीन सालींमधून डीएनए काढला. हरितद्रव्याच्या कणांमधल्या डीएनएच्या मोजक्या खुणा त्यांनी ताडून पाहिल्या. त्यांचा निष्कर्ष असा की अमेरिकेतला भोपळा आफ्रिकेच्या नव्हे, आशियाच्या भोपळ्यांशी जुळतो. कवचही जाड, म्हणजे पाळीव. मग अर्थ काय लावायचा? आशियातून बेरिंगच्या वाटेने जी पहिली माणसं अमेरिकेत गेली, त्यांच्यासोबत कुत्रा होता आणि भोपळा होता. शिकारीला कुत्रा, पाण्याला भोपळा. खायच्या कुठल्याही पिकाआधी माणसाने पाळलेले हे दोन सोबती. चित्र इतकं देखणं होतं की त्यावर कुणाचाही विश्वास बसावा. माझाही बसला असता. अडचण एवढीच की भोपळा हा उबेचा वेल. सैबेरियाच्या गोठलेल्या प्रदेशातून पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या प्रवासात त्याचं पीक कुठे आणि कोण घेणार?

२०१४मध्ये लोगन किस्लर आणि सहकाऱ्यांनी तोच डीएनए पुन्हा, आणि आता कितीतरी लांबीचा, वाचला. या वेळी उत्तर आलं आफ्रिका. कोलंबसाआधीचे अमेरिकन भोपळे आफ्रिकन वंशाचे निघाले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुटलेला भोपळा प्रवाहांबरोबर काही महिन्यांत पलीकडे लागू शकतो, हेही त्यांनी सागरी प्रवाहांचं गणित मांडून दाखवलं. व्हिटेकर-कार्टर यांच्या दिवसांच्या आत. पुळणीवरून आत नेण्याचं काम कुणी केलं असेल याचाही त्यांनी अंदाज केला. आफ्रिकेत हत्ती भोपळे खातात आणि लिदीतून बी पेरत जातात. अमेरिकेत त्या काळी हत्तीचे भाईबंद शोभतील असे मास्टोडॉनसारखे प्रचंड प्राणी होते. पुढे ते प्राणी नामशेष झाले, आणि माणसाने ठिकठिकाणी, एकमेकांना न विचारता, या वेलाला आपल्या आश्रयाला घेतलं.

मला हा दुसरा निकाल जास्त पटतो. त्यात माणसाचा पराक्रम कमी आहे, हे त्याचं बळ. भोपळा आपल्या आधी तिथे पोचला होता. आपण फक्त त्याला उचलला.

आशियात तो कोणत्या वाटेने आला ते असं नेटकेपणाने उलगडलेलं नाही, पण आला मात्र फार लवकर. जपानमध्ये बिवा तळ्याच्या तळाशी असलेल्या आवाझू इथल्या वस्तीत नऊ हजार वर्षांहून जुन्या बिया मिळाल्या. जपानी माणसाने पुढे तो खायलाही घेतला. गराच्या लांबच लांब फिती काढून उन्हात वाळवायच्या, त्याला कांप्यो म्हणतात आणि सुशीत घालतात. तोचिगी प्रांत त्यासाठी नावाजलेला आहे. चीनमध्ये प्राचीन काळी वाद्यांची वाटणी ती कशापासून बनतात यावर करत. धातू, दगड, रेशीम, बांबू, भोपळा, माती, कातडं, लाकूड अशा आठ नादांत भोपळ्याची स्वतंत्र जागा होती. पॅसिफिकमधल्या पॉलिनेशियन बेटांवरच्या भोपळ्यात तर आशिया आणि अमेरिका दोन्हींचा वंश मिसळलेला आहे, असं २००६च्या एका अभ्यासात दिसलं. त्या बेटांवरचे दर्यावर्दी पाण्यासाठी भोपळेच बरोबर घेत.

*

आपल्या जुन्या वाङ्मयात भोपळा म्हणजे हाच भोपळा. लाल भोपळा अमेरिकेचा, पोर्तुगीजांच्या येण्यानंतरचा पाहुणा. लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट झालेली म्हातारी ज्यात बसून परत येते, त्या भोपळ्याचं चित्र बालवाडीच्या भिंतीवर नारिंगी रंगात काढतात, ते मला नेहमी खटकतं. वाघाच्या तोंडून सुटायचं तर टणक तुंबाच पाहिजे.

अथर्ववेदात विराजेच्या दोहनाचं जे वर्णन आहे, त्यात नाग विष दोहून घेतात ते अलाबूच्या पात्रात. अलाबू म्हणजे भोपळा. सगराच्या राणीने प्रसवला तो तुंबा. त्यातल्या बिया तुपाच्या घागरींत ठेवल्या आणि साठ हजार पुत्र झाले, ही कथा रामायण-महाभारतात आहे. भोपळा कापून बियांनी हात भरलेल्या कुणाला तरी सुचलेली ही कल्पना असणार. चरकसंहितेत वमनासाठी जी द्रव्यं सांगितली आहेत, त्यात कडू भोपळ्याला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे, आणि तिथे त्याचं नाव आहे इक्ष्वाकु. सगराच्या कुळाचंही नाव तेच. यावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. पण नोंद करून ठेवावी असं वाटलं.

सर्वांत जवळून भोपळा पाहिला तो जैनांनी. ज्ञाताधर्मकथा या आगमात एक अख्खं अध्ययन तुंब्यावर आहे. कोरड्या तुंब्यावर गवत गुंडाळून मातीचा लेप द्यायचा, वाळवायचा, पुन्हा लेप, असे आठ लेप. मग तो पाण्यात सोडला की तळाला जातो. पाण्याने लेप विरघळत जातात तसतसा तो वर येतो. आठ लेप म्हणजे आठ कर्मं आणि तुंबा म्हणजे जीव. ज्याने ही उपमा दिली त्याने तुंबा पाण्यात दाबून, हात सोडून पाहिलेला होता हे नक्की.

त्याच ग्रंथात, द्रौपदीच्या पूर्वजन्माच्या कथेत, भोपळ्याची दुसरी बाजूही आहे. चंपानगरीतल्या नागश्री नावाच्या ब्राह्मणीने तेलातुपात, मसाले घालून भोपळ्याची भाजी केली. थेंबभर चाखली तर कडू जहर. आता जावा हसतील, म्हणून तिने ती झाकून ठेवली आणि दुसरा गोड भोपळा शिजवला. एवढ्यात महिन्याभराच्या उपासाचं पारणं करायला धर्मरुची नावाचे मुनी भिक्षेला आले. तिने ती कडू भाजी त्यांच्या पात्रात रिकामी केली. गुरूंनी वास घेतला, चाखली, आणि निर्जीव जागी टाकून यायला सांगितलं. मुनींनी एक थेंब जमिनीवर टाकला तर मुंग्या धावल्या आणि मेल्या. एवढे जीव मरण्यापेक्षा माझं पोट बरं, म्हणून त्यांनी उरलेली भाजी स्वतः खाल्ली आणि प्राण सोडला.

कथा म्हणून सोडून देऊ नका. या कडूपणाला कारण असतं कुकुर्बिटासिन नावाचं द्रव्य. काकडीच्या देठाशी जो कडवटपणा लागतो तोही त्याचाच. वेल आपल्या बचावासाठी ते तयार करतो. माणसाने भाजीसाठी ज्या जाती निवडल्या त्यांतून ते जवळपास काढून टाकलं, पण कधी कधी एखाद्या दुधीत ते उसळी मारतं, आणि बाहेरून काही कळत नाही. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधीचा रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि २०१२मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. उलट्या, रक्ताची ओकारी, जुलाब, रक्तदाब एकाएकी घसरणं, ही त्याची लक्षणं. त्यावर उतारा असा नाही, लक्षणं पाहून उपचार करायचे. समितीचा सल्ला साधा होता. रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर फेकून द्या, आणि दुसऱ्या रसात मिसळू नका.

भाजीपेक्षा रसाने अधिक घात होतो, याचं कारण उघड आहे. भाजी कडू लागली तर माणूस पहिल्या घासालाच थांबतो. रस मात्र औषध म्हणून घेतलेला असतो, आणि औषध कडू असणारच, म्हणून पेला नाक दाबून रिता केला जातो. आमच्या आयाआज्या काकडी आणि दुधी चिरताना पहिली चकती तोंडात टाकत. त्यांना कुकुर्बिटासिन माहीत नव्हतं, नागश्रीही माहीत नसेल. चकती मात्र त्यांनी कधी चुकवली नाही.

*

प्लास्टिकचा कॅन आल्यावर भांडं म्हणून भोपळ्याचा संसार आटोपला. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधत, ती जागा पत्र्याच्या आणि मग प्लास्टिकच्या डब्याने घेतली. नदीला पूर असताना भोपळ्यांची सांगड करून पलीकडे जाणारी माणसं आता पुलावरून जातात. बैराग्याच्या हातातला तुंबाही क्वचित दिसतो. बस्तरकडे पेजेचा तुंबा खांद्याला लावून शेतावर जाणारा माणूस अजून भेटेल, पण त्याच भागात आता नक्षी जाळून केलेले तुंब्याचे दिवे शहरातल्या दिवाणखान्यांसाठी बनतात.

पोकळीचा एक उपयोग मात्र प्लास्टिकला जमला नाही. नाद.

पालघर जिल्ह्यात डहाणू, जव्हार, मोखाड्याकडे तारपा वाजतो तो भोपळ्यावर. वाळका भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, सांधे मेणाने लिंपलेले आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वादक श्वास न तोडता फुंकत राहतो, आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी वेटोळं घालते. वारली चित्रातलं ते वेटोळं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांनी ते जगभर नेलं. वेटोळ्याच्या मधे उभ्या माणसाच्या हातातली फुगीर वस्तू हीच. गुजरातमधल्या सिद्दी लोकांचं मलुंगा हे वाद्यही असंच. धनुष्याला एक तार आणि खाली भोपळा. आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी आफ्रिकेतून आलेल्या फळावर इथे आपला सूर जपला. अटलांटिकपलीकडे गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकनांनीही हेच केलं. त्यांनी भोपळ्याला कातडं आणि तारा लावून जे वाद्य बनवलं, त्यातून बँजो निघाला.

आणि आपलं मिरज. तिथे हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांचं काम हाती घेतलं. त्यात फरीदसाहेबांचं नाव पहिलं घेतात. पटवर्धन संस्थानाचा आश्रय मिळाला, गवई येत-जात राहिले. अब्दुल करीम खाँसाहेब तिथेच स्थायिक झाले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. त्या गावात सितार-तंबोऱ्यांची एक गल्लीच वसली. २०२४ साली मिरजेच्या सितारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

मिरजेत लाकूड कामाला येतं बाहेरून, आणि भोपळा येतो भीमेकाठून. पंढरपूर, बेगमपूर, सिद्धेवाडी या भागातून. तिथला भोपळा मोठा आणि गोल. कारागीर तो घेताना टिचकी मारतो, दोन्ही तळव्यांत फिरवतो, कडेला कान लावतो. जाडी सगळीकडे सारखी हवी, चीर नको, किडीचं भोक नको. कडू भोपळ्याला कीड लागत नाही म्हणून तोच बरा, असं ही मंडळी सांगतात. म्हणजे मुनीचा जीव घेणारा तोच कडूपणा इथे वाद्याचं आयुष्य वाढवतो. घेतलेला भोपळा लगेच वापरत नाहीत. तो वाळवत टांगून ठेवतात. मग पाण्यात भिजवून मऊ करायचा, तोंड कापायचं, आतली जाळी आणि बिया खरवडून काढायच्या. ओला असतानाच आत काटक्यांचा आडवा-उभा ताण देऊन त्याला हवा तो घेर द्यायचा आणि तसाच वाळू द्यायचा. त्यावर तबली बसते, गळा जोडतात, दांडी येते, खुंट्या, घोडी, शेवटी जवारी. पुरुषी आवाजाच्या तंबोऱ्याला मोठा भोपळा, बायकी आवाजाच्या तंबोऱ्याला लहान. म्हणून सोलापूरच्या शेतात त्या वर्षी कोणत्या मापाचे भोपळे धरले, यावर मिरजेत कोणते तंबोरे होणार हे थोडंफार ठरतं. लाकूड तासून माप साधता येतं, भोपळा तासता येत नाही.

त्या शेतांचं गणित मात्र कठीण होत चाललंय. भीमेकाठी ऊस आहे, आणि ऊस असला की कारखाना, ठरलेला भाव, ठरलेली तोड. भोपळ्याला यातलं काही नाही. वेल पसरतो, जागा अडवतो, आणि फळ वाळून हातात येईपर्यंत त्यातले किती वाद्याच्या लायकीचे निघतील ते कळत नाही. वाकडा निघाला तर त्याला गिऱ्हाईक नाही, कारण मोठा झालेला तुंबा भाजीतही जात नाही. मानांकन वाद्याला मिळालंय, वेलाला नाही. काचतंतूचे तुंबे बाजारात आले आहेत, ते फुटत नाहीत, प्रवासाला बरे. रियाज करणाऱ्यांच्या फोनमध्ये तानपुरा असतोच. मैफलीत मागे दोन तंबोरे लागतात म्हणून भोपळा अजून लागतो, एवढंच.

त्यातही बियाण्याची एक वेगळी अडचण आहे. चांगल्या घेराच्या भोपळ्याचं बी धरायचं तर जवळपास दुधीचा मांडव नको. रात्रीचा पतंग बांध पाहत नाही. तुंब्याच्या फुलावर दुधीचा पराग बसला की पुढच्या पिढीत आकार बिघडतो. उलट झालं, दुधीच्या फुलावर कडू तुंब्याचा पराग पडला, तर त्या वर्षीचा दुधी गोडच लागतो, पण त्याच्या बियांत कडूपणा उतरतो आणि पुढच्या वर्षी मांडवावर लटकतो. दिसायला तो पहिल्यासारखाच हिरवागार, लांब आणि कोवळा. नखाच्या परीक्षेतही तो पास होईल. तेव्हा परसातल्या वेलाचं घरचं बी धरणाऱ्यांनी पुढच्या मोसमातल्या पहिल्या दुधीची चकती आधी चाखावी आणि मगच फोडणी करावी.